पाण्याखालचे बांध
(मावळ आणि खेडच्या धरणांत होडीतून गळ टाकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकाची प्रस्तावना)

गुरुवार हा पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांचा सुट्टीचा वार. त्या दिवशी पहाटे दोन रस्त्यांवर नेहमीची काही मंडळी भेटतात. एक रस्ता कामशेतहून पवनानगरला जातो, दुसरा चाकणहून आंबेठाण, करंजविहिरे करत भामा आसखेडला. मोटारसायकलला आडवे बांधलेले रॉड, डब्यात कणकेचे गोळे, ओल्या मातीच्या पिशवीत गांडुळं. मधूनच एखाद्या पिकअपमध्ये पालथी घातलेली फायबरची छोटी होडी आणि ताडपत्रीत गुंडाळलेलं पाच-सहा हॉर्सपॉवरचं इंजिन. आठवडाभर लेथवर, प्रेसवर, पेंट शॉपमध्ये उभी असणारी ही माणसं धरणात गळ टाकायला निघालेली असतात. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे, आणि उद्या त्यांच्यात सामील होणाऱ्यांसाठी.

पुस्तकात गाठी कशा माराव्यात, तंगूस किती जाडीचा घ्यावा, इंजिनाचा प्लग कधी बदलावा, हे सगळं पुढे येईलच. प्रस्तावनेत मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. बाकीची सगळी विद्या तिच्यावर उभी आहे आणि दुकानात ती विकत मिळत नाही. ती गोष्ट म्हणजे पाण्याखालच्या जमिनीची माहिती.

आपण ज्यांना तलाव म्हणतो त्यांतला एकही निसर्गाने केलेला नाही. लोणावळ्याचं वळवण, शिरवटा, आंदर मावळातलं ठोकरवाडी आणि पलीकडचं मुळशी ही टाटांची धरणं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात विजेसाठी बांधली गेली. पवना धरण १९७२च्या सुमारास पूर्ण झालं. त्यात सुमारे साडेआठ टीएमसी पाणी मावतं. भामा आसखेड त्यानंतरचं. प्रत्येक ठिकाणी एक नांदतं खोरं पाण्याखाली गेलं आहे, म्हणून या धरणांचा तळ सपाट नाही. तिथे भातखाचरं आहेत, खाचरांचे बांध आहेत, विहिरी, बैलगाडीच्या वाटा, आंब्याची खोडं, घरांची जोती आहेत. या सगळ्यांच्या मधून जुनी नदी अजूनही आपल्या वळणांनी जाते. पवनेचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की वाघेश्वराचं दगडी देऊळ उघडं पडतं आणि लोक चालत दर्शनाला जातात. पावसाळ्यात त्याच देवळावरून होडी जाते.

माशाला या तळाशी काय देणंघेणं? सगळंच. मावळातली शेती उताराची. खाचरं पायऱ्यांसारखी एकाखाली एक उतरत गेलेली. धरण भरलं की याच पायऱ्या पाण्याखाली जातात. दर बांधाशी खोली एकदम हात-दोन हात बदलते, आणि मासा अशा बदलाच्या कडेकडेने फिरतो. वरच्या खाचरात उजेड, शेवाळ, किडे, म्हणजे खाणं. खालच्या खाचरात सावली आणि सुरक्षितता. सकाळ-संध्याकाळ वर चरायचं, ऊन चढलं की बांध उतरून खाली जायचं, असा त्याचा दिवस. होडी बरोबर बांधावर उभी केली आणि गळ बांधाच्या उताराकडे सोडला तर काम होतं. हीच होडी दहा हात आत, खाचराच्या मधोमध उभी राहिली तर दुपारपर्यंत बसून राहावं लागतं, आणि माणूस चाऱ्याला, वाऱ्याला, नशिबाला दोष देत घरी जातो.

उन्हाळ्यात यात आणखी एक गोष्ट मिसळते. मार्चनंतर वरचं पाणी तापतं आणि हलकं होतं, खालचं गार राहतं, आणि दोन्ही थर एकमेकांत मिसळेनासे होतात. तळाशी कुजणारा पाला तिथला प्राणवायू संपवतो. तळ गार असतो, पण तिथे माशाला श्वास घेता येत नाही. वर श्वास घेता येतो, पण पाणी कोमट. मग मासे मधल्या पट्ट्यात गोळा होतात. ज्या बांधाची किंवा टेकाडाची उंची नेमकी या पट्ट्यात येते, तिथे एप्रिल-मेमध्ये हमखास हालचाल असते. खोली दाखवणारं यंत्र हल्ली स्वस्त झालं आहे आणि ते वापरायला माझा विरोध नाही. पण यंत्र होडीच्या खाली काय आहे तेवढंच सांगतं. पन्नास हातांवर ओढा कुठे मिळायचा, जुन्या नदीचा डोह कुठल्या वळणावर होता, विहीर बांधीव होती की कच्ची, हे ते सांगत नाही.

ते सांगणारी माणसं काठावर आहेत. ज्यांची शेतं खाली गेली तीच ही माणसं. पवनेच्या काठच्या गावांत आज सत्तरीच्या पुढे असलेल्या कुणाशीही बोला. ‘आमचं खाचर त्या कातळाच्या खाली तिसरं’ असं ते हात लांब करून दाखवतात, आणि त्या हाताच्या रोखाने होडी नेली तर खोली तशीच मिळते. त्यांच्या जमिनींचा प्रश्न मात्र अर्धशतक उलटलं तरी मिटलेला नाही. बाधित १२०३ खातेदारांपैकी ८६३ जणांचं पुनर्वसन राहिलं, हा आकडा मावळात पोराटोरांना पाठ आहे. त्यातच इथलं पाणी बंद नळातून थेट पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ शेतकरी उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. आपण शहरातून येतो, आपल्या नळाला याच धरणाचं पाणी असतं, आणि सुट्टीच्या दिवशी आपण याच पाण्यावर मजेसाठी होडी सोडतो. होडी सोडू नये असं माझं म्हणणं नाही. पण काठावरच्या म्हाताऱ्या माणसाला ‘बाबा, इथे खाली काय होतं?’ असं विचारणाऱ्याने, आपण कोणाच्या शेतावर होडी उभी करतोय, हे मनात ठेवून विचारावं. आणि त्यांच्यापैकी कुणाचा मुलगा-नातू होडी चालवत असेल तर स्वतःची होडी पाण्यात घालण्याआधी एक हंगाम त्याच्या होडीतून हिंडावं, त्याची मजुरी चोख द्यावी. त्या हंगामात जे शिकायला मिळतं ते या पुस्तकाच्या कुठल्याही प्रकरणात मावणार नाही.

कातकरी आणि ठाकर मंडळींचं ज्ञान आणखी वेगळं. ते ओढ्यांचं आहे. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्यांना गढूळ पाणी आलं की मासे धरणातून वर चढायला लागतात. चढणीचे मासे कुठल्या ओढ्याला आधी चढतात, कुठल्याला उशिरा, कुठला ओढा अलीकडे नुसता चिखल आणतो म्हणून माशांनी सोडला, हे त्यांना माहीत असतं. तीच ओढ्यांची तोंडं भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत होडीवाल्याच्या सगळ्यात चांगल्या जागा असतात. वाहत्या पाण्याबरोबर येणारे किडे आणि दाणे तिथे स्थिर पाण्यात उतरतात, आणि मासा त्यांची वाट पाहत उभा असतो.

आता इंजिनाकडे येतो. इथले परंपरेने मासे धरणारे भोई आणि कातकरी वल्ह्याच्या होडीतून, थर्माकोलच्या तराफ्यावरून, कधी ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसूनही जाळं टाकतात. त्यांना इंजिन लागत नाही, कारण ते पाण्याजवळ राहतात. आपल्याकडे एकच दिवस असतो, आणि लांबची ओढ्यांची तोंडं गाठायची तर इंजिन उपयोगी पडतं. शिवाय दुपारनंतर तुंग आणि तिकोना या किल्ल्यांच्या मधून वारा उठला की पवनेवर वल्ह्याने परत येणं नवख्याच्या हातांना झेपत नाही. पण इंजिनाची खरी कामगिरी एवढीच: जागेवर नेणं आणि जागेवरून आणणं. जागेच्या शंभर हात अलीकडे ते बंद करायचं आणि उरलेलं अंतर वल्ह्याने जायचं. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने पोहोचतो. उथळ बांधावर चरणारे मासे इंजिनाच्या घरघरीने खाली उतरतात आणि बराच वेळ वर येत नाहीत. नांगर म्हणून लोखंड आपटण्यापेक्षा दोरीला बांधलेला दगड हलकेच सोडावा. होडीच्या तळाशी गोणपाट अंथरावं, म्हणजे डबा सरकला तरी आवाज उमटत नाही.

जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. त्यांचा धूर पाण्यात सोडलेला असतो, आणि टाकीतल्या पेट्रोल-ऑइलचा बराच हिस्सा, कधी कधी पाव हिस्सा, न जळताच बाहेर पडतो. बंद केलेल्या इंजिनाभोवती पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो, तो हाच. पवनेचं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत जातं. भामा आसखेडचं पाणी २०२१पासून पुण्याच्या पूर्व भागाला मिळतं. पिण्याच्या पाण्यावर असं इंजिन चालवणं चूक आहे. चार-स्ट्रोक घ्यावं, आणि जमलं तर बॅटरीवरची मोटर. आपल्या पट्ट्यात बॅटरी, वायरिंग, मोटर, चार्जर यांतलं सगळं कळणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. लहान होडीला सहा तास पुरेल अशी व्यवस्था बसवणं इथल्या कारागिराला अवघड नाही, आणि तिचा आवाजही नसतो. पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण या बॅटरीच्या मोटरीवर आहे, कारण या धरणांचं भवितव्य मला त्यातच दिसतं.

लाइफ जॅकेटबद्दल वाद नको. ते अंगात घालायचं, सीटखाली ठेवायचं नाही. खाचरांच्या पायऱ्यांमुळे काठापासून चार पावलांवर कमरेएवढं पाणी एकदम डोक्यावर जातं. या धरणांत दरवर्षी जी तरुण मुलं बुडतात त्यांतली बरीचशी काठाजवळ बुडतात, आणि पोहता येणारीही बुडतात. होडीत उभं राहून मासा ओढू नये. दोघांनी एकाच बाजूला वाकू नये. दारू प्यालेल्या माणसाला होडीत घेऊ नये, मग तो कितीही जवळचा असो.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. पवना आणि भामा आसखेडचं पाणी जलसंपदा विभागाचं, मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेचा, आणि यांत्रिक होडीची नोंदणी २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली. ठेका घेतलेली संस्था पैसे मोजून धरणात मत्स्यबीज सोडते. आपण धरतो तो रोहू तिनेच सोडलेला असतो. तिला विचारल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या मळ्यात शिरणं.

रोहू, कटला आणि मृगळ हे तिन्ही मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांना अंडी घालायला लावलं. त्यानंतरच देशभरच्या धरणांत बोटुकली सोडणं शक्य झालं. चिलापी त्याआधी १९५२मध्ये परदेशातून आली आणि आपणहून पसरली. या तिघा-चौघांच्या खाण्याच्या तऱ्हा वेगळ्या, आणि त्या गळाच्या दोरीवर वाचता येतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पृष्ठभागाजवळ खातो, म्हणून त्याच्यासाठी चारा हात-दीड हातावर लटकता ठेवायचा. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळ चाटतो. त्याच्यासाठी शिसं अगदी हलकं हवं, चाऱ्याच्या जवळ, आणि चारा तळाला टेकलेला.

मृगळ लागताना भेंडाकडे, म्हणजे दोरीवरच्या तरंगत्या खुणेकडे, नीट पाहावं. इतर मासे भेंड खाली ओढतात, पण मृगळाच्या वेळी तो आधी वर येतो. मासा तळावरून चारा उचलतो, त्याबरोबर शिसंही उचललं जातं, भेंडावरचा भार जातो, आणि इतका वेळ उभा असलेला भेंड हळूच आडवा होतो. नवखा माणूस भेंड बुडायची वाट पाहत राहतो आणि मासा चारा थुंकून जातो. भेंड आडवा झाला की मनगटाने छोटा झटका द्यायचा, खांद्याने नाही. चिलापी मात्र टकटक टोचत राहते आणि चारा संपवते. तिच्यासाठी गळ लहान करावा. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून ती वर येऊन घोट घेताना दिसते. पण आपल्या पिल्लांच्या लालसर थव्याभोवती ती फिरत असेल तर तिला सोडून द्यावं. ती गेली तर तो सगळा थवा इतरांच्या पोटात जातो.

या सगळ्या पाहुण्यांच्या आधीपासून इथे होते ते मासे वेगळे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा करून त्यांचं वर्णन १८३९मध्ये प्रसिद्ध केलं. इथल्या कोळ्या-भोयांनी सांगितलेली नावंच त्यांनी अनेक माशांना शास्त्रीय नाव म्हणून दिली. शंभर वर्षांनी, १९४२मध्ये, फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली. २००३मध्ये वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेचे मासे पुन्हा नोंदवले. २००७मध्ये पवनेची यादी आली. या याद्या शेजारी ठेवल्या की नद्यांतून काय गेलं ते दिसतं. साइक्स यांनी वर्णन केलेल्यांतलाच एक म्हणजे दख्खनी महसीर, आपल्या खोऱ्यातला सगळ्यात ताकदीचा मासा. तो वाहत्या, स्वच्छ, गोट्यांच्या पाण्यातला. पावसाळ्यात वर चढून अंडी घालणारा. त्याच्या वाटेत धरणाची भिंत आली.

महसीर आज आपल्या भागात जो काही दिसतो त्याला लोणावळ्याचं मोठं कारण आहे. १९७०च्या दशकात डॉ. चिं. वि. कुलकर्णी आणि श. न. ओगले यांनी वळवणच्या काठी टाटांच्या केंद्रात महसीरची कृत्रिम पैदास यशस्वी केली. कुलकर्णींनी या माशाची अंडी आणि पिल्लं इतक्या बारकाईने पाहिली की आजही तीच माहिती पायाभूत मानली जाते. अंडी सोनेरी-पिवळी, जड, तळाला बसणारी, तीन-चार दिवसांत फुटणारी. पिल्लं पहिले काही दिवस पोहत नाहीत. उजेड टाळून गोट्यांच्या फटींत डोकं खुपसून, पोटाखालच्या बलकावर पडून राहतात. त्या दिवसांत ओढ्यातून गाळ आला आणि फटी बुजल्या तर तिथली सगळी पिढी गुदमरते. डोंगर फोडून फार्महाउसचे रस्ते काढले जातात तेव्हा पहिल्या पावसात खाली नेमकं हेच होतं.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोणावळ्यात वाढवलेली पिल्लं दूरच्या नद्यांतही सोडली गेली. त्यांतल्या कावेरीत आधीपासून एक पाठीला कुबड असलेला, अवाढव्य महसीर होता. आपल्याकडून गेलेला मासा तिथे इतका रुजला की मूळचा मागे पडला. त्या मूळ माशाची शास्त्रीय ओळखही २०१८मध्ये पक्की झाली, तोवर तो अस्तंगत होण्याच्या कडेला पोहोचला होता. म्हणून कुठलाही मासा हौसेने एका धरणातून दुसऱ्या धरणात नेऊन सोडू नये, ही या पुस्तकातली माझी सगळ्यात आग्रहाची विनंती आहे.

महसीर लागला तर तो सोडायचा. देहूच्या डोहातल्या माशांना भाविक हात लावत नाहीत, महाडजवळच्या वाळण कोंडीत वरदायिनीच्या नावाने महसीर पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले. आपणही तेवढं राखू शकतो. काटा नसलेला गळ वापरावा. मासा होडीत घेऊ नये, पाण्यातच ठेवून गळ काढावा, हात आधी ओले करावेत, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. तो थर गेला की बुरशी लागते. मग त्याला पोटाखालून सैल आधार देऊन डोकं वारा येतो त्या दिशेने धरावं. तो दमलेला असतो, कल्ले झपाझप हलत असतात. ते संथ झाले आणि शेपटीने हाताला धक्का दिला की हात सोडायचा, त्याआधी नाही.

हीच पवना खाली थेरगावला येते तेव्हा तिथे बोट क्लब आहे आणि केजुबाईचा बंधारा आहे. त्या बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. नदी तीच, पाणी त्याच धरणातलं. मधल्या तीसेक किलोमीटरमध्ये आपल्या घरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी त्यात मिसळतं. चिंचवडच्या माणसाला गळ टाकायला धरणापर्यंत जावं लागतं, त्याचं कारण हे आहे. मोरया गोसावींच्या घाटावर गळ टाकून मासे घरी न्यायचे हे आजोबांच्या पिढीला शक्य होतं. ते पुन्हा शक्य व्हावं असं मला वाटतं. त्यासाठी ज्या कारखान्यात आपण काम करतो तिथलं सांडपाणी कुठे जातं हे आपणच विचारायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते सहज दिसत नाही.

शेवटी वहीबद्दल. साइक्स, फ्रेझर, वाघ, घाटे यांनी याद्या केल्या तेव्हा त्यांच्यासाठी पाण्यावर जाणारे हात थोडे होते. आज दर गुरुवारी कितीतरी हात पाण्यावर असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना मापं घ्यायची, तक्ते भरायची सवय कामावरूनच लागलेली असते. पुस्तकाच्या मागे कोरी पानं त्यासाठीच ठेवली आहेत. माशाचं नाव गावात जे म्हणतात तेच लिहावं. लांबी नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजावी. चारा, खोली, ठेवला की सोडला, एवढं पुरे. एकही मासा लागला नाही तो दिवसही लिहावा. आणि पहिल्या रकान्यात त्या दिवशीची धरणाची पाणीपातळी हवी, जलसंपदा विभाग ती जाहीर करतो. पातळी लिहिलेली असली तर चार वर्षांनी ती वही उघडणाऱ्याला आपण नेमक्या कुठल्या बांधावर उभे होतो ते काढता येईल. नुसती तारीख असली तर काढता येणार नाही.